यंदा मी मुलीकडची

ईडन प्रेरी, मिनेसोटा
१७ नोव्हेंबर १९८५

सौ. वसुधाताई विहीणबाईंना अनसूयाचा नमस्कार.

तुम्ही शाळेतल्या बाई. तुमच्या पत्राच्या माथ्यावर ते कृतानेक वगैरे कसं ठसठशीत बसलेलं असतं. माझी शाळा तिसरीत सुटली, तेवढी जोडाक्षरं हाताला वळायच्या आत. तेव्हा नुसत्या नमस्कारावर भागवून घ्या.

बातमी आधी सांगते, नाहीतर मी चकलीत शिरले की बाहेर येत नाही. तुमची उत्तरा डॉक्टरीच्या परीक्षेत पास झाली. म्हणजे डॉक्टर नाही झाली अजून. डॉक्टरीच्या कॉलेजात शिरायची एक मोठी परीक्षा असते, ती पास झाली, आणि मार्क असे की चारूनं कागद उलटासुलटा करून पाहिला. जानेवारीत तिला मुलाखतीला बोलावलंय.

तुम्ही म्हणाल हे मध्येच काय काढलं. मध्येच नाही हो, दोन वर्षं चाललंय. अकोल्याला इतक्यात कळवू नका, आई काळजी करत बसेल, असं तिनंच मला बजावलं होतं. मी गप्प राहिले. माझ्यासारखीला दोन वर्षं गप्प राहणं काय असतं ते तुम्हाला पत्रावरून कळत असेलच.

तिची बी.एस्सी. इथं अर्धीच धरतात. म्हणून दिवसा हॉस्पिटलात पेशंटांचं रक्त काढायची ती जुनीच नोकरी आणि संध्याकाळी कॉलेजात रसायन, पदार्थ आणि काय काय. वर्गात सगळी मिसरूड फुटलेली पोरं. पहिल्या दिवशी एकानं हिलाच विचारलं, मॅडम, आज टेस्ट आहे का. स्वयंपाक मी उचलला. पोळ्या तेवढ्या ती लाटते, आणि लाटता लाटता परातीतल्या पिठात बोटानं सहा कोनांची चित्रं काढते. मला वाटायचं दिवाळीच्या रांगोळीची तयारी चाललीय. एकदा मी त्यात ठिपके भरले, तर म्हणाली, आई, हे रसायन आहे, तुम्ही याचं विष केलंत.

चारूचं विचाराल, तर त्याचा विरोध नव्हता, त्याला ऐकूच आलं नव्हतं. कॉम्प्युटरवाला माणूस, डोकं तिकडं. तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा म्हणाला, कर की, संध्याकाळी मी पिकअप करीन. आणि करतोय बिचारा, बर्फात सुद्धा. रुपाली इंग्रजीतून कुरकुरते, पण मैत्रिणींना फोनवर सांगताना मी ऐकलंय, माय मॉम, माय मॉम, शंभरदा.

आता खरं सांगते. इथं डॉक्टरीला विशीतलीच मुलं घेतात. उत्तराचं वय बघूनच बाकी सगळ्या कॉलेजांनी नाही म्हणून कळवलं. आमच्यापासून गाडीनं पाऊण तासावर एकच कॉलेज असं आहे की त्यांनी थोड्या जागा तिशी ओलांडलेल्यांसाठी वेगळ्या ठेवल्यात, ज्यांनी आधी दुसरं काही काम केलंय अशांसाठी. मागं एक शेतकरी घेतला म्हणे, एक चर्चमधला पाद्री. अट एवढीच, शिकून झालं की जिथं डॉक्टर टिकत नाही अशा गावात जाऊन काही वर्षं राहायचं. हे एक दार उरलंय. इथं नाही झालं तर मी पुन्हा परीक्षेला बसणार नाही, असं ती म्हणते, आणि ती बोलते तसं करते हे तुम्हाला मी काय सांगायचं.

चकल्या यंदा तुटल्या. भाजणी शिकागोच्या डेव्हन ॲव्हेन्यूवरून आणलेली, तिकडच्या दुकानात कुणी गुजराती भाऊ पुडी देताना म्हणाला की एकदम फ्रेश. फ्रेश कसली, माझ्याच वयाची असावी. बेसन मात्र चांगलं निघालं.

तुमच्या मनात काय ते मोकळं लिहा. उत्तरा तोंडानं म्हणत नाही, पण पोस्टाची गाडी आली की आधी अकोल्याचा शिक्का शोधते.

तुमची विहीण,
अनसूया


अकोला
८ डिसेंबर १९८५

श्रीमती अनसूयाबाई यांच्या चरणी वसुधाचा सादर प्रणाम.

आपलं पत्र पोचलं. यांनी मोठ्यानं वाचलं, मग मी मनात वाचलं, मग पुन्हा यांनी.

उत्तरा लहानपणापासून हट्टी. दोन मार्कांनी मेडिकलची जागा हुकली तेव्हा चार दिवस जेवली नव्हती. आम्हाला वाटलं होतं, लग्न झालं, संसारात पडली, ते मागं पडलं असेल. आता अडतिसावं सरलं. या वयात आमच्याकडे बाया मुलींची स्थळं बघायला लागतात.

चारुदत्तरावांची गैरसोय होत असेल, ती ते सौजन्यानं बोलत नसतील. आणि आपण या वयात सगळा स्वयंपाक करता हे वाचून माझी मान खाली गेली. सुनेनं सासूला बसवून वाढायचं, तिथं सगळं उलटं. लोक म्हणतील, आईनं वळण लावलं नाही.

वेगळ्या जागा म्हणजे काय, ते नीटसं उलगडलं नाही. इकडे हल्ली अशी वेगळ्या वाटेची कॉलेजं निघाली आहेत. तिथं मार्क विचारत नाहीत, देणगी विचारतात. आमच्या शेजारच्या जगन्नाथरावांचा मुलगा तसाच गेला, आणि आता जगन्नाथराव सायकलवरून फिरतात. तसलं काही असेल तर वेळीच सावध असावं.

मी मुलीकडची, मी काय बोलणार. निर्णय आपला आणि चारुदत्तरावांचा. आपल्याला योग्य वाटल्यास तिला चार गोष्टी समजावून सांगाव्यात. आपला शब्द ती मोडणार नाही. तूर्त हे कुणाजवळ बोलू नये, आम्हीही इथं कुठं वाच्यता केलेली नाही.

थंडी फार असेल. प्रकृतीस जपावं.

आपली नम्र,
वसुधा


ईडन प्रेरी
२ फेब्रुवारी १९८६

वसुधाताई विहीणबाई, नमस्कार.

उत्तर द्यायला उशीर झाला, पण कारण असं आहे की तुम्ही वाचून विसराल.

आधी तुमच्या पत्राचं. उत्तरानं ते वाचलं, घडी घातली आणि भांडी घासायला लागली. इथं भांडी मशीन घासतं. तरी तिनं सगळी हातानं घासली, स्वच्छ होती तीसुद्धा. तिनं एवढंच म्हटलं, आईला नको आहे. मी तिला चार गोष्टी समजावल्या नाहीत, माझ्याजवळ चार नव्हत्याच. आणि देणगी वगैरे काही नाही हो. देणगीवाल्यांना गिऱ्हाईक पाहिजे असतं, हे लोक तर माणूस पारखून पारखून परत पाठवतात.

संक्रांतीला मराठी मंडळाचा कार्यक्रम होता, शाळेचा हॉल भाड्यानं घेऊन. तिथं डॉक्टर प्रल्हाद भेटला, वीस वर्षांपूर्वी आलेला, मोठा हृदयाचा डॉक्टर. तिळगूळ घेता घेता उत्तराला म्हणतो, "वहिनी, मेडिकल म्हणजे काय हळदीकुंकू आहे? मनात आलं की केलं?"

मी म्हटलं, "प्रल्हाद, तू एकदा हळदीकुंकू करून बघ. चाळीस बायका, चाळीस वाण, आणि कुणाला आधी लावलं यावरून कुणी रुसता कामा नये. मग सांग सोपं काय ते."

त्याची बायको लतिका एवढी हसली की तिच्या हातातला तिळगूळ सांडला. प्रल्हाद म्हणाला, "मावशी, तुम्हीच जा इंटरव्ह्यूला."

आणि मी गेले.

उत्तरा नको नको म्हणत होती. मी म्हटलं, मुलगी दाखवायला एकटी पाठवतात का कुणी? तशी ती हसली, महिन्याभरानं हसली. मी पैठणी काढून ठेवली होती, ती निळा कोट घालून आली. बरं, कोट तर कोट. कानात माझ्या मोत्याच्या कुड्या घाल म्हटलं, त्या घातल्या. मी रिकाम्या हातानं कशी जाऊ, म्हणून बेसनाचे लाडू केले. डबा मोठा नव्हता. इथं आइस्क्रीम बादलीतून मिळतं, पांढरी, झाकणाची, मी धुऊन ठेवते सगळ्या. त्यातलीच एक भरली. गाडीत उत्तरा म्हणाली, "आई, ही बादली गाडीतच ठेवा हं." मी हो म्हटलं.

बाहेरच्या खोलीत बाकीची मुलं होती, कुणी नखं खातंय, कुणी पाणी पितंय. ही आत गेली. आत तिघं, हे मला मागून कळलं. एक म्हातारा, डॉक्टर पीटरसन. एक बाई. आणि एक टायवाला, जो काहीच विचारत नव्हता, नुसता लिहीत होता. बघायच्या कार्यक्रमात असा एक असतोच, मुलाचा लांबचा काका, त्याचं काय मत पडलं ते शेवटपर्यंत कळत नाही.

त्यांनी विचारलं, चांगली नोकरी आहे, मग हे कशाला? ही म्हणाली, "दहा वर्षं मी लोकांचं रक्त काढते. सुई टोचताना प्रत्येक जण विचारतो, हे कशासाठी, मला काय झालंय? मला पुष्कळदा माहीत असतं. पण ते सांगायचा मला अधिकार नाही, मी नळी भरते आणि पुढं पाठवते. मला त्या माणसाजवळ बसून सांगायचंय." माझ्यासारखी असती तर यावर अर्धा तास बोलली असती. ती तिथंच थांबली.

मग त्या बाईनं विचारलं, चार वर्षं घराकडे कोण बघणार? हा प्रश्न पुरुषांना विचारता का, असं उत्तराच्या जिभेवर आलं होतं म्हणे. पण ती म्हणाली, "ती बाहेर बसलीय."

आणि दार उघडून तो म्हातारा बाहेर आला की हो. साडेसहा फूट, भुवया पांढऱ्या. मी नऊवारीत, वर चारूचा बर्फाचा कोट, मांडीवर बादली. हो, आणली होती. गाडीत ठेवून त्या गोठल्या असत्या. तो उत्तराला म्हणाला, तुमची आई? उत्तरा म्हणाली, मदर-इन-लॉ. तो एवढा मोठ्यानं हसला की नखं खाणारा मुलगा दचकला. इथं सासूवर फार विनोद करतात म्हणे. सासू बरोबर घेऊन आलेली कॅण्डिडेट मी पहिल्यांदा बघतोय, असं तो म्हणाला.

विहीणबाई, मला काय झालं कोण जाणे. तुमच्या अकोल्याच्या घरी मी मधल्या खुर्चीत पाठ ताठ करून बसले होते आणि तुम्ही दारात पदर सावरत उभ्या होता, ते सगळं डोळ्यांपुढं आलं. आज मी दारातली. मी उठले, बादली त्याच्या पुढं केली आणि म्हटलं, "आमची मुलगी पदरात घ्या. कामाला वाघ आहे. जरा हट्टी आहे, पण ते तुमच्या उपयोगी पडेल."

उत्तरा लाल झाली. तो म्हणाला, काय म्हणतात? ही सांगेना. त्यानं हट्ट धरला तेव्हा हिनं खाली मान घालून सांगितलं. पदर काय ते इंग्रजीत कसं सांगितलं देव जाणे, हातानं करून दाखवावं लागलं. मग त्यानं एक लाडू घेतला. उभ्या उभ्या खाल्ला. कोटावर बेसन सांडलं ते बोटानं टिपून खाल्लं. दुसरा घेतला. आणि उत्तराला म्हणाला, आम्ही पत्रानं कळवू.

झालं. मी घरी येईपर्यंत बोलले नाही, त्यावरून समजा. "कळवतो" म्हणजे काय हे तुम्हाआम्हाला का ठाऊक नाही? पोहे आवडले, मुलगी नाही. उत्तरा म्हणते, इथं सगळ्यांना असंच म्हणतात. पण ती गाडी चालवताना बोलत होती, आणि चुकीच्या रस्त्याला वळली.

तुमची,
अनसूया


अकोला
२४ फेब्रुवारी १९८६

श्रीमती अनसूयाबाई यांना सादर प्रणाम.

पत्र वाचून यांनी रेडिओ बंद केला. जे झालं ते झालं. प्रयत्न केला, त्यात कमीपणा नाही, असं उत्तराला सांगावं. नशिबात दोनदा नाही म्हणजे नाही.

तरी एक विचारते. त्यांनी नेमके काय शब्द वापरले? "कळवू" म्हणाले, की "लवकर कळवू"? यात अंतर असतं. आणि ते पहिल्या लाडवानंतर म्हणाले की दुसऱ्या? दुसरा संपवून म्हणाले असतील तर शैलाताईंच्या मते आशेला जागा आहे. त्या आमच्या शाळेत विज्ञान शिकवतात. त्या असंही म्हणतात की लिहिणारा गृहस्थ जर मान हलवत लिहीत असेल तर चांगलं, तेव्हा तो मान हलवत होता का, हे उत्तराकडून काढून घ्यावं. बाईंचा चेहरा कसा होता? उत्तरानं कुड्या घातल्या ते बरं केलं.

अर्थात मी मुलीकडची, मला विचारण्याचा अधिकार नाही. सहज लिहिलं.

आपली नम्र,
वसुधा


ईडन प्रेरी
२३ मार्च १९८६

वसुधाताई विहीणबाई,

नमस्कार नंतर घ्या. मिळाली. उत्तराला जागा मिळाली.

कसं कळलं ते ऐका. घरी मी एकटी. फोन मला आवडत नाही, त्यात समोरच्याचं तोंड दिसत नाही. मला तीनच वाक्यं शिकवून ठेवलीत: हॅलो, उत्तरा हॉस्पिटल, बाय. फोन वाजला, मी तिन्ही म्हटली आणि ठेवणार, तर तिकडून कुणी पुरुष म्हणाला, मदर-इन-लॉ? मी थांबले. मग तो पुष्कळ बोलला, त्यातलं मला उत्तरा एवढंच कळलं. मग त्याला वाटलं असावं की हिला काही उमजत नाहीये, म्हणून तो हळूच म्हणाला, "लाडू."

आता सांगा, नकार द्यायला कुणी लाडवाचं नाव काढतं का? मी म्हटलं, येस. तो म्हणाला, येस. असं आम्ही दोघं येस येस करत राहिलो, आणि मी बाय म्हणून ठेवला आणि खाली जमिनीवरच बसले. मग त्यानं उत्तराला हॉस्पिटलात फोन केला. पत्र चार दिवसांनी आलं. तो टायवाला लांबचा काका होता ना, त्यानंच सगळ्यांत जोर लावला म्हणे. आता तुमच्या शैलाताईंना विचारा तो मान हलवत होता का. आणि हो, इथं कुठं वाच्यता नाही असं तुम्ही लिहिलं होतं, मग शैलाताईंना लाडू कसे कळले?

चारूनं पिझ्झा मागवला. रुपाली आईच्या गळ्यात पडली. प्रल्हादचा फोन आला, म्हणाला, मावशी, माझे शब्द मागं घेतो. मी म्हटलं, ठेव तुझ्याजवळ, पुढं कुणाला तरी लागतील.

आणि आता जे लिहिते ते शांतपणे वाचा. उत्तरा सही करत नाही. कॉलेजला पंधरा एप्रिलच्या आत हो की नाही कळवायचंय, नाहीतर जागा दुसऱ्याला जाते. कागद फ्रिजवर चुंबकानं लावलाय. ती दूध काढते, कागद बघते, फ्रिज लावते. चारू म्हणतो, तुझ्या मनात काय आहे? ती म्हणते, काही नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाली, "आई, दोनदा पत्र आलं माझ्या आईचं. त्यात तिनं एकदाही म्हटलं नाही की कर. चार वर्षं कॉलेज, मग आणखी तीन हॉस्पिटलात. इतकी वर्षं ती तिथं मनात खंत घेऊन बसणार आणि मी इथं शिकणार. मला ते जमायचं नाही."

मी म्हटलं, मी आहे ना. एप्रिलमध्ये आपल्या घरी कोरेगावला परत जायचं माझं ठरलं होतं ते मी रद्द केलंय, चार वर्षं मी हलत नाही. त्यावर ती माझ्या मांडीवर डोकं ठेवून म्हणाली, "तुम्ही आहात म्हणून इथवर आले. पण ती माझी आई आहे."

विहीणबाई, तुमची जागा मला घेता येत नाही, मी दारात उभी राहिले तरी.

लग्नात मी तुमच्याकडे शाल मागितली होती, ती तुम्ही दिलीत. त्यानंतर काही मागितलं नाही. आज मागते. हो की नाही, तारेनं कळवा. नाही असेल तर नाही लिहा, मी वाईट मानणार नाही. मानीन, पण भांडणार नाही.

तुमची,
अनसूया


तार
अकोला, १० एप्रिल १९८६

उत्तराला म्हणावं जा. आई


अकोला
११ एप्रिल १९८६

श्रीमती अनसूयाबाई यांना प्रणाम.

आपलं पत्र पाडव्याच्या सकाळी आलं. गुढी उभारून झाली होती. यांनी पत्र वाचलं आणि पायात चपला घातल्या. मी म्हटलं, थांबा, मीही येते. तडक तारघरात गेलो. कारकून मजकूर वाचून म्हणाला, बाई, जा म्हणजे कुठं, मजकूर अपुरा आहे. मी म्हटलं, तिला पुरतो.

आता लिहिते ते पुन्हा कधी लिहिणार नाही.

उत्तराचं लग्न लागल्यावर माझ्या आईनं मला मांडवाच्या मागं नेऊन सांगितलं होतं, आजपासून तुझी जीभ या मुलीच्या उंबऱ्याबाहेर. दिलेल्या मुलीच्या संसारात आईनं कर म्हणू नये आणि नको म्हणू नये. मी सतरा वर्षं ते पाळलं. आपल्याला लिहिताना प्रत्येक ओळ मी दोनदा तपासली, की यात कुठं माझी इच्छा डोकावत तर नाही ना. चारुदत्तरावांची गैरसोय, लोक काय म्हणतील, ही मुलीच्या आईनं लिहायची वाक्यं आहेत, म्हणून लिहिली. आपण त्याला नकार समजलात. तिनंही समजला. मला वाटत होतं मी मर्यादा राखते आहे, आणि तिकडे माझी मुलगी फ्रिजपुढं उभी होती.

शैलाताईंना कसं कळलं, असं आपण विचारलंत. मी सांगितलं. त्यांच्या आधी चौघींना सांगितलं होतं. पेढे डिसेंबरातच वाटून झाले होते. मुलाखतीचं आपलं पत्र मी शिक्षकखोलीत वाचून दाखवलं, मधल्या सुट्टीची घंटा होऊन गेली तरी कुणी वर्गावर गेलं नाही. मुख्याध्यापिका सुचित्राबाई आत आल्या, त्यांना वाटलं कुणी गेलं, कारण मी रडत होते. आमची मुलगी पदरात घ्या, या ओळीपाशी मला पुढं वाचता येईना, मग शैलाताईंनी वाचलं.

ते म्हणायचं काम माझं होतं. आपण केलंत. मुलीकडची जागा आता आपण दोघी मिळून सांभाळू, म्हणजे मलाही थोडं बोलता येईल. तर बोलते. तिला सांगावं, पहाटे अभ्यासाला बसताना पायात मोजे घाल. केस ओले ठेवून बाहेर पडू नकोस. वर्गात पुढच्या बाकावर बस, तुला मागून फळा दिसत नाही आणि तू ते कबूल करत नाहीस. पोरं काही विचारतील तर हसून सांग, कपाळाला आठ्या घालू नकोस. दूध घे. आणि जागा मिळाल्यावर फ्रिजवर कागद लावून ठेवतात का? सही कर म्हणावं, आधी सही कर.

हे सगळं एका पत्रात बरं दिसत नाही. पण सतरा वर्षांचं साठलं आहे, आपण समजून घ्याल.

आपली,
वसुधा


ईडन प्रेरी
५ ऑक्टोबर १९८६

वसुधाताई,

तुमचे मोजे पोचले. लोकरीचे सहा जोड, त्यातला एक जोड मी ठेवून घेतला, मुलीकडच्या मानाचा.

कॉलेज सुरू होऊन महिना झाला. उत्तरा पुढच्या बाकावर बसते. शेजारी एक लिंडा म्हणून बाई आहे, तिच्यापेक्षा चार वर्षांनी मोठी, आधी शाळेची बस चालवायची. दोघी मिळून पाठ करतात. प्रल्हाद स्वतःची जुनी पुस्तकं घेऊन आला, म्हणाला, औषधं सगळी बदललीत, हाडं तेवढी तीच आहेत. आमच्याकडे शनिवारी स्वयंपाक चारू करतो. खिचडी करतो. खाली लागते, मग तो म्हणतो की खालचीच चव असते. रुपालीला तेरा प्रकारची सॅण्डविचं येतात आणि सगळी एकसारखी लागतात. मी काल घट बसवले. माती बर्फ पडायच्या आत अंगणातून काढून ठेवली होती, गहू छान उगवतील असं वाटतंय.

शिकून झाल्यावर जायचं त्या खेड्याचंही आतापासून बघून ठेवलंय कॉलेजवाल्यांनी. वर कॅनडाच्या बाजूला आहे, गावात एकच दुकान. उत्तरा म्हणाली, आई, तिथं तुम्हाला करमेल का? मी म्हटलं, एकच दुकान म्हणजे सगळी माणसं तिथंच भेटणार, बरंच झालं.

पण मी पत्र लिहायला बसले ते वेगळंच सांगायला. परवा त्यांना वर्गात रक्तदाब बघायला आणि छाती तपासायला शिकवलं. घरी येऊन सराव करायचा होता. चारूला गुदगुल्या होतात, रुपाली हात देईना. मी म्हटलं, माझ्यावर कर. तिनं मला खुर्चीत बसवलं, पाठीमागं उशी दिली, दंडाला पट्टा गुंडाळला. चुकला, पुन्हा गुंडाळला. मग ती नळी कानांत घालून थंड चकती माझ्या छातीला लावली. मी आपली सांगत होते की अकोल्याहून मोजे आले ते पार्सल पोस्टमननं शेजारच्या गोऱ्या बाईंकडे दिलं होतं, आणि ती बाई काय म्हणाली, आणि तिचं कुत्रं...

उत्तरा म्हणाली, "आई, एक मिनिट बोलू नका. मला ऐकू येत नाहीये."

विहीणबाई, लग्न होऊन आल्यापासून या मुलीनं मला कधी गप्प बसायला सांगितलं नव्हतं. चारूनं पेपर खाली केला. रुपाली जिन्यात थांबली. दोघं माझ्या तोंडाकडे बघत होती, आता काय होतंय म्हणून.

मी तोंड मिटलं. तिनं डोळे मिटले होते, मनगटावरचं घड्याळ नाकाशी धरून मध्येच एक डोळा उघडून बघत होती, आणि ओठ हलत होते. मला माझं काही ऐकू येत नव्हतं, सगळं तिलाच येत होतं. मिनिट होऊन गेलं असावं. मी तशीच बसून राहिले, म्हटलं, तिला आणखी ऐकायचं असेल.

तुमची,
अनसूया